ग्रंथालयाच्या ठरावात काय लिहू: 'मुक्त सॉफ्टवेअर' की 'ओपन सोर्स'?

दाखल_नोंद

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

लातूर जिल्ह्यातल्या एका गावात आमचं 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालय आहे. मी तिथं सचिव आहे. आठ वर्षांमागं तेव्हाच्या कार्यकारिणीनं एका विक्रेत्याकडून पुस्तकांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर विकत घेतलं. ग्रंथपाल मॅडमनी दोन उन्हाळे पंख्याखाली बसून अकरा हजार पुस्तकं त्यात भरली. दाखल क्रमांक, लेखक, किंमत, पानं, सगळं. गेल्या दिवाळीत कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला. नवीन मशीन आणली, जुनी हार्ड डिस्क लावली, तर सॉफ्टवेअर म्हणतंय की ही मशीन ओळखीची नाही, नवी चावी टाका. विक्रेत्याचा फोन लागत नाही. त्याचं दुकान होतं तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. फाइल डिस्कवर दिसते, माउस नेला की तिचा आकारसुद्धा दिसतो, पण ती उघडत नाही. मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कपाटातलं दाखल रजिस्टर काढलं आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

आता आम्ही 'कोहा' हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलंय. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांनी १९९९ मध्ये ते करून घेतलं, २००० च्या जानेवारीत त्यांच्याकडं ते चालू झालं आणि जीपीएल परवान्याखाली (वापरा, बदला, वाटा, पण वाटताना हेच हक्क पुढच्यालाही द्या असं सांगणारा) त्यांनी ते सगळ्यांना देऊन टाकलं. कोहा हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट. येत्या रविवारी बैठक आहे आणि ठरावाचा मसुदा माझ्याकडं आहे. अध्यक्ष म्हणतात, "फुकट आहे ना? मग 'मोफत सॉफ्टवेअर' लिहा." पुण्यातला भाचा म्हणतो, 'ओपन सोर्स' लिहा, सगळं जग तेच म्हणतं. मला 'मुक्त सॉफ्टवेअर' लिहावंसं वाटतं, पण का ते चार माणसांत नीट सांगता येत नाही.

ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत की दोन वेगळे विचार?

कडक_चहा

'मोफत' तर मुळीच लिहू नका दादा. टँकरही मोफतच येतो. तो कधी येणार हे आपल्या हातात असतं का?

गोदाकाठ

मूळचा नांदेडचा, पंधरा वर्षांपासून पुण्यात याच धंद्यात आहे. सरळ 'ओपन सोर्स' लिहा.

कारणं सांगतो. केंद्र सरकारचं २०१५ चं धोरण आहे, त्याचं नावच सरकारी कामात 'ओपन सोर्स सॉफ्टवेअर' स्वीकारण्याचं धोरण असं आहे. उद्या लेखापरीक्षक आले तर हा शब्द त्यांच्या ओळखीचा असेल. दुसरं म्हणजे दोन्ही बाजूंचे मान्य परवाने जवळपास तेच आहेत. जीपीएल, एमआयटी, अपाची, बीएसडी हे सगळे दोन्हीकडच्या यादीत आहेत. कोहा तुम्ही मुक्त म्हणा की ओपन सोर्स, डाउनलोड एकच होतं. मग समितीपुढं तत्त्वज्ञान कशाला काढायचं? लोक घाबरतात.

बालाघाट

@गोदाकाठ, परवाने जवळपास तेच आहेत हे खरं. पण एकाच रस्त्यानं दोन माणसं चालली म्हणून दोघं एकाच गावाला निघालीत असं होत नाही. थोडा इतिहास सांगतो, लांबेल.

सुरुवात एका प्रिंटरपासून झाली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करायचे. जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम त्यांच्या हातात होता, त्यामुळं कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांच्या पडद्यावर सूचना जाईल अशी सोय त्यांनी करून घेतली होती. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. वेगवान, देखणा, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर, दिला नव्हता. कागद अडकायचा आणि माणसं दुसऱ्या मजल्यावरून उतरून येईपर्यंत कुणाला पत्ता नसायचा. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडं तो कोड आहे असं कळल्यावर स्टॉलमन त्यांच्याकडं गेले. ते म्हणाले, देणार नाही असं लिहून दिलंय. स्टॉलमन यांना लागलं ते हे. बिघाड दुरुस्त करता येणारा माणूस समोर उभा आहे, आणि शेजाऱ्याला मदत करायची नाही असा करार मध्ये आलाय.

२७ सप्टेंबर १९८३ ला त्यांनी ग्नू प्रकल्प, म्हणजे संपूर्ण मुक्त संगणक-प्रणाली घडवायचा बेत, जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं, १९८९ मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती आली. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे चार स्वातंत्र्यं: कशासाठीही वापरायचं, आतून बघून बदलायचं, प्रत दुसऱ्याला द्यायची आणि बदललेली प्रतही द्यायची. मोजणी शून्यापासून करतात, म्हणून शून्य ते तीन. ही नैतिक मागणी आहे. तो प्रोग्राम चांगला चालतो की वाईट, हा त्यात मुद्दाच नाही.

'ओपन सोर्स' हा शब्द आला फेब्रुवारी १९९८ मध्ये. नेटस्केप कंपनीनं आपल्या ब्राउझरचा कोड खुला करणार असं जानेवारीत जाहीर केलं होतं. त्यानंतर कॅलिफोर्नियात पालो आल्टोला काही जण बसले, तिथं क्रिस्टीन पीटरसन यांनी हा शब्द सुचवला. इंग्रजीत 'फ्री' म्हणजे फुकटही आणि स्वतंत्रही, त्यामुळं कंपन्या बिचकायच्या. नवा शब्द घ्यायचा, स्वातंत्र्याची भाषा बाजूला ठेवायची, आणि उघड्या कोडमुळं काम स्वस्त, पक्कं, वेगवान होतं एवढंच सांगायचं. एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी त्यासाठी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह स्थापन केलं. व्याख्या डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीच्या नियमांवरून घेतली, ते नियम पेरेन्स यांच्याच पुढाकारानं झाले होते. आणि त्याच पेरेन्स यांनी वर्षभरात, फेब्रुवारी १९९९ मध्ये, आता पुन्हा मुक्त सॉफ्टवेअरबद्दल बोलायची वेळ आलीय असं जाहीरपणे लिहिलं. स्वातंत्र्याचा मुद्दा मागं पडतोय हे त्यांना दिसलं होतं.

आता आपल्याकडं बघा. इंग्रजीला जी अडचण होती ती मराठीला नाहीच. आपल्याकडं 'मोफत' वेगळा आणि 'मुक्त' वेगळा. ज्या गोंधळातून सुटण्यासाठी त्यांनी नवा शब्द काढला, तो गोंधळ आपण उसना का आणायचा?

कडक_चहा

शेवटचा परिच्छेद वाचून उठून उभा राहिलो. +१

सोयाबीन_केज

मी शेतकरी माणूस. कॉम्प्युटरमधलं लै कळत नाही, पण ते चार स्वातंत्र्यं वाचून दचकलो. हे तर आमच्या कायद्यात हाय.

२००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्याच्या ३९ व्या कलमात लिहिलंय की शेतकऱ्याला स्वतःच्या मालातलं बियाणं ठेवता येतं, वापरता येतं, पेरता येतं, पुन्हा पेरता येतं, अदलाबदल करता येतं, वाटता येतं, विकता येतं. वाण दुसऱ्याच्या नावावर नोंदलेला असला तरी. फक्त त्याच्या ब्रँडच्या नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाही.

आमच्याकडं दोन पिकं बघा. कपाशीचं संकरित बी दरसाल विकत घ्यावं लागतं, कारण सरकीतलं बी पुढच्या वर्षी आईबापासारखं निघत नाही. सोयाबीन सरळ वाणाचं हाय, परभणी विद्यापीठाचं एमएयूएस-७१ असो की दुसरं. ते घरचं ठेवता येतं. मे महिन्यात माझी आई ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडती, दहा-दहाच्या दहा ओळी. गुंडाळी करून सावलीत ठेवती, रोज पाणी शिंपडती. पाच-सहा दिवसांनी उलगडून मोजती. सत्तरच्या वर उगवले की बी पास. कमी उगवले तर एकरी बी वाढवायचं.

आता मला सांगा. कपाशी चांगली पिकती म्हणून मी लावतो, तो हिशोब झाला. सोयाबीनचं बी माझ्या कणगीत हाय, ते पेरायला मला कुणाला विचारावं लागत नाही, तो हक्क झाला. उतारा कमी आला म्हणून हक्क जात नाही, आणि उतारा वाढला म्हणून हक्क येत नाही. तुमच्या दोन शब्दांतला फरक एवढाच असल तर मला समजला.

बालाघाट

@सोयाबीन_केज, वीस वर्षं हा विषय लोकांना सांगतोय. इतकं स्वच्छ मला सांगता आलं नव्हतं.

गोदाकाठ

दाखला सुंदर आहे, मनापासून. पण एक फरक आहे दादा. बी पेरायला प्रत्येक शेतकऱ्याला येतं. कोड वाचायला तालुक्यात किती जणांना येतं? ज्याला वाचताच येत नाही त्याला 'आतून बघायचं स्वातंत्र्य' दिलं काय आणि न दिलं काय?

आणि उघडं असलं की कुणीतरी बघतंच असंही नाही. २०१४ ची हार्टब्लीड ही सुरक्षेतली चूक आठवा. ओपनएसएसएल हे इंटरनेटवरचा संपर्क गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर अर्धं इंटरनेट वापरत होतं, कोड सगळ्यांसमोर होता, तरी ती चूक दोन वर्षं तशीच राहिली, कारण सांभाळणारी माणसं मूठभर होती आणि त्यांना पैसे द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी वर्षानुवर्षं विश्वास कमावून चोरदरवाजा घातला. तो सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावावासा वाटला म्हणून. मला स्वातंत्र्याच्या भाषणापेक्षा त्या सांभाळणाऱ्यांच्या पगाराची जास्त काळजी वाटते. 'ओपन सोर्स' म्हटल्यावर कंपन्या निदान पैसे तरी द्यायला लागल्या.

स्टार्टर_डेल्टा

जालना. मोटार वायंडिंगचं दुकान आहे.

@गोदाकाठ, माझ्याकडं येणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णव शेतकऱ्यांना वायंडिंग येत नाही. मोटार जळते, ते पोत्यात घालून आणतात. मी उघडतो, जळका वास बघतो, जुनी तार काढून वजन करतो, गेज मोजतो, किती वेढे होते ते मोजून तेवढेच भरतो. माझ्याकडं गर्दी असली तर ते समोरच्या दुकानात जातात. मोटार कुठल्याही कंपनीची असो, ती खोलायला मला कंपनीची परवानगी लागत नाही. शेतकऱ्याला याचा फायदा होतो की नाही? त्याला स्वतःला खोलता आलीच पाहिजे असं थोडंच आहे. ज्याच्याकडून खोलून घ्यायची तो माणूस त्याला निवडता आला पाहिजे.

सचिव साहेबांच्या विक्रेत्याचा फोन लागत नाही. समोरचं दुकान असतं तर?

दाखल_नोंद

@स्टार्टर_डेल्टा, मला हेच सांगता येत नव्हतं. हे मी बैठकीत जसंच्या तसं सांगणार. तुमची परवानगी धरून चालतो.

स्टार्टर_डेल्टा

बिनधास्त सांगा.

छापखाना

अंबाजोगाई. वडिलांचा छापखाना, आता मी बघते.

धागा वाचला आणि पोटात कालवलं. १९९८ ते २००६ या काळात आमच्याकडं जे टाइप झालं, म्हणजे गावोगावच्या शाळांच्या स्मरणिका, दिंड्यांच्या पत्रिका, कवींचे पहिले संग्रह, ते सगळं एका विकतच्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये होतं. त्याला प्रिंटरच्या पोर्टात लावायची एक डबी यायची. आम्ही तिला 'लॉक' म्हणायचो. लॉक काढलं की अक्षरं गायब. वडील दुकान बंद करताना गल्ला आणि लॉक दोन्ही घरी आणायचे, देवघराच्या फडताळात ठेवायचे. एके दिवशी लॉक गेलं. नवीन कॉम्प्युटरला तसलं पोर्टही राहिलं नव्हतं. फाइल उघडली की पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा काला. 'शाळा' या शब्दाच्या जागी दोन अवतरणचिन्हं आणि एक डॉलर.

पुढं कळलं की ती अक्षरं युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखी वाचता येणारी, नव्हतीच, रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. इंटरनेटवर कुणीकुणी हौसेनं लिहिलेले परिवर्तक सापडले, कोड उघडा असलेले. आमच्या फॉन्टचं कोष्टक त्यातल्या एकात अर्धंच होतं. उरलेलं मी भरलं. जुनी छापील स्मरणिका डाव्या हाताला, पडदा उजव्या हाताला, कुठलं चिन्ह कुठल्या अक्षराचं ते एकेक जुळवत तीन आठवडे गेले. 'ऱ्या' आणि रफार यांनी फार रडवलं. ते कोष्टक मी परत त्याच ठिकाणी टाकलं. सहा महिन्यांनी सोलापूरच्या एका माणसाचा निरोप आला, त्यांच्या आजोबांची कीर्तनाची टिपणं त्यानं वाचता आली.

@गोदाकाठ दादा, मी प्रोग्रामर नाही. मला तो कोड वाचता आला नाही, पण कोष्टक वाचता आलं. तेवढं पुरलं.

गोदाकाठ

ताई, हे वाचून थांबलो. तुमचा मुद्दा मान्य.

पैठणचा_वाटसरू

अवांतर, पण आमच्या गावचा विषय निघाला म्हणून. बदलायचं स्वातंत्र्य सगळ्यांना हवं हे ठीक. पण शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली ती कशामुळं? नकला करणाऱ्यांनी जागोजाग पाठ बदलले होते, आपल्या पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या म्हणूनच. आणि शेवटी नाथांनी बजावलंय की यात जो स्वतःची ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. नाथांसारख्या उदार माणसाला बदल नको वाटला. मग प्रत्येकाला बदलायचा अधिकार देणं बरोबर कसं?

डेबियन_ते_देगलूर

@पैठणचा_वाटसरू, हा प्रश्न मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनाही पडला होता आणि त्यांनी त्याचं उत्तर करून ठेवलंय. जीपीएल म्हणतं, बदला, पण बदललंय हे ठळक लिहा, म्हणजे मूळ लिहिणाऱ्याच्या माथी तुमची चूक येणार नाही. फॉन्टसाठी जो ओपन फॉन्ट परवाना असतो त्यात मूळ कर्त्याला नाव राखून ठेवता येतं. समजा एखाद्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत. तुम्ही ते मराठी वळणाचे करून घ्या, वाटा, पण राखलेल्या नावानं वाटू नका. डेबियननं फायरफॉक्समध्ये स्वतःचे बदल केले तेव्हा नावाच्या हक्कावरून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाशी वाद झाला, म्हणून २००६ ते २०१६ अशी दहा वर्षं डेबियनमध्ये तोच ब्राउझर 'आइसवीझल' या नावानं मिळायचा.

नाथांची तक्रार हीच होती ना, की आपली ओवी माउलींच्या नावावर खपवली? आणि हे जर मान्य असेल तर केजच्या दादांनी सांगितलेली ब्रँडच्या पिशवीची अट पुन्हा वाचा. तीही तीच आहे.

पैठणचा_वाटसरू

पटलं. शिवाय प्रत सगळ्यांना वाचायला, उतरवून घ्यायला नाथांनी मोकळी ठेवली होतीच. मी उगाच एका बाजूनं बघत होतो.

सोयाबीन_केज

पिशवीचं डोक्यात आलंच नव्हतं भाऊ. भारी.

झेडपी_गुरुजी

हिंगोली जिल्हा, जिल्हा परिषद शाळा. आमच्याकडं देणगीत मिळालेल्या पाच जुन्या मशीन आहेत. त्यांच्यावर डेबियन चालवतो. पोळ्याच्या आठवड्यात मुलांनी मातीचे बैल आणले. मी फोटो काढले, मागची भिंत कापून टक्स पेंट या चित्रांच्या प्रोग्रामच्या शिक्क्यांच्या फोल्डरमध्ये टाकले. दुसऱ्या दिवशी मुलींनी तो प्रोग्राम उघडला तर पेंग्विनच्या शेजारी आपल्या वर्गातला झूल घातलेला बैल! एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, याच्यात आपलं घालता येतं?" मी म्हटलं, येतं. "मंग शेजारच्या शाळेला द्यायचं का?" पेनड्राइव्हवर सगळा प्रोग्रामच बैलांसकट दिला.

मुलं 'ओपन सोर्स' पाठ करतात आणि विसरतात. 'आपलं घालता येतं आणि दुसऱ्याला देता येतं' हे विसरत नाहीत.

डेबियन_ते_देगलूर

गुरुजी __/\__

मूळ विषयाकडं येतो. गोदाकाठ म्हणतात व्यवहारात फरक नाही. फरक कुठं पडतो ते गेल्या काही वर्षांत दिसलंय. कंपन्यांची तीन सॉफ्टवेअरं घ्या: इलॅस्टिकसर्च २०२१ मध्ये, टेराफॉर्म २०२३ मध्ये, रेडिस २०२४ मध्ये. तिघांनीही 'ओपन सोर्स' म्हणून नाव कमावलं आणि धंद्याचं गणित बदलल्यावर परवाना बदलला. ज्यानं फायद्यासाठी उघडं ठेवलं, तो फायदा संपल्यावर झाकणारच. त्याला ते वचन वाटलंच नव्हतं. पण आधी दिलेलं परत घेता येत नाही, म्हणून टेराफॉर्मच्या जुन्या कोडवरून ओपनटोफू उभं राहिलं, रेडिसवरून व्हॅल्की. २०२४ मध्ये इलॅस्टिकनं आणि २०२५ मध्ये रेडिसनं एजीपीएल हा जीपीएलच्या घरातला परवाना पर्याय म्हणून दिला, म्हणजे कॉपीलेफ्टच, पुढं देताना तेच हक्क द्यायची अट.

गोदाकाठ

मान्य, पण पूर्ण सांगा. ओपनटोफू आणि व्हॅल्की कुणाच्या पैशावर उभे राहिले? कंपन्यांच्याच. नुसत्या तत्त्वावर सर्व्हर चालत नाही. शिवाय तत्त्वाच्या बाजूलाही एकमत कुठंय? जीपीएलची तिसरी आवृत्ती २००७ मध्ये आली, यंत्राला कुलूप घालून बदललेला कोड चालू न देणं तिनं बंद केलं. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, जीपीएलच्या आधीच्या, दुसऱ्या आवृत्तीवरच ठेवलं. त्यांचं म्हणणं, मला तुमचे बदल परत मिळाले की पुरे, तुमच्या यंत्राचं काय करायचं ते तुम्ही बघा. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्स आहे आणि तरी कितीतरी फोनवर आपण बदललेलं सॉफ्टवेअर चढवता येत नाही.

बालाघाट

आणि तुमचा हाच शेवटचा दाखला माझ्या बाजूचा आहे. कोड उघडा आहे, यंत्र बंद आहे. ओपन सोर्सच्या व्याख्येनं सगळं ठीक, मालकाच्या हातात मात्र काही नाही. पैशांचं म्हणाल तर मुक्त म्हणजे फुकट असं स्टॉलमन यांनी कधीच म्हटलं नाही. १९८५ मध्ये ते स्वतः ईमॅक्स या आपल्या मजकूर-संपादकाची टेप १५० डॉलरला विकायचे. वाचनालयानं कोहा बसवून देणाऱ्या पोराला पैसे द्यावेत, सन्मानानं द्यावेत.

डेबियन_ते_देगलूर

@दाखल_नोंद, एक राहिलं. ती न उघडणारी फाइल, तिच्या नावाच्या शेवटी काय लिहिलंय?

दाखल_नोंद

एमडीबी. दोनदा टिचकी मारली की पासवर्ड मागते.

डेबियन_ते_देगलूर

अहो मग ती मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेसची फाइल आहे! मॅडमना सांगा, रजिस्टर दोन दिवस बाजूला ठेवा. आधी फाइलची प्रत काढा, मूळ फाइलला हात लावू नका. 'एमडीबी-टूल्स' नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ज्यांना आतली रचना कुणी सांगितली नाही अशा लोकांनी फाइलचे आकडे वाचून वाचून ती शोधून काढली. 'एमडीबी-टेबल्स' दिलं की आतल्या तक्त्यांची नावं येतात, 'एमडीबी-एक्सपोर्ट'नं तक्ता सीएसव्हीत, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीत, निघतो. जुन्या फाइलींचा पासवर्ड हा बहुतेक वेळा दारावरची पाटी असतो, आतला माल झाकलेला नसतो.

दाखल_नोंद

रात्रीचे साडेबारा वाजलेत. झेडपीतल्या एका मित्राच्या लॅपटॉपवर करून बघितलं. तक्त्यांची नावं आली. त्यातलं एक 'ग्रंथ' आहे. एक्सपोर्ट केलं, ११,०४६ ओळी निघाल्या. पण शीर्षकाच्या जागी तसलाच काला आहे, छापखाना ताईंनी सांगितला तसा.

छापखाना

पहिल्या वीस ओळी पाठवा. आत्ता.

छापखाना

आमच्याच फॉन्टचा भाऊ आहे. नव्वद टक्के कोष्टक लागू पडतंय. 'क्ष' आणि पाऊण 'य' चुकतोय, तेवढं बघते. उद्या संध्याकाळपर्यंत देते.

कडक_चहा

मी नुसता बसलोय रिफ्रेश करत. चहा सांगितलाय सगळ्यांना.

दाखल_नोंद

झालं. ताईंनी दुपारी चारलाच पाठवलं. मॅडमना बोलावून पडद्यावर दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा शोधलं ते स्वतःच्या हातानं शेवटी भरलेलं पुस्तक, दाखल क्रमांक ११०४६. ते सापडल्यावर चष्मा काढून पुसत बसल्या. पुन्हा भरायला घेतलेल्या रजिस्टरमध्ये त्यांनी कुठवर आलो त्याची खूण घातली होती, ती काढून टाकली.

आता हे कोहात कसं घालायचं? ग्रंथालयाच्या नोंदी तयार करणारं मार्कएडिट वापरा असं एका ठिकाणी वाचलं.

डेबियन_ते_देगलूर

मार्कएडिट चांगलं आहे, पण ते मोफत आहे, मुक्त नाही. सगळ्या धाग्याचा विषय परत दारात आला बघा. अडलंच तर वापरा, माल तुमचाच राहतो. पण पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पायमार्क आहे, बीएसडी परवान्याचं. त्यात पन्नास ओळींची स्क्रिप्ट लिहून सीएसव्हीची मार्क, म्हणजे ग्रंथालयांच्या ठरलेल्या साच्यातली, फाइल होईल, आणि ती स्क्रिप्ट पुढच्या वाचनालयालाही देता येईल.

गोदाकाठ

ती स्क्रिप्ट मी लिहितो. जीपीएलखाली टाकतो, तुम्ही सगळे आता दुसरं काही टाकू देणार नाही.

आणि ठरावाबद्दल माझं मत थोडं बदललंय, पूर्ण नाही. लेखापरीक्षकासाठी ओळखीचा शब्द असावा असं अजूनही म्हणतो. पण शब्दापेक्षा अटी लिहा. कुठलाही विक्रेता ज्या दिवशी सही करेल त्या दिवशी त्या अटी त्याला बांधतील.

दाखल_नोंद

मसुदा केलाय, बघा:

"वाचनालयाच्या ग्रंथनोंदी व देवघेवीसाठी कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर वापरण्यात यावे. शासकीय कागदपत्रांत यास ओपन सोर्स सॉफ्टवेअर असेही म्हणतात. यापुढे वाचनालय जे सॉफ्टवेअर घेईल ते आपल्या गरजेप्रमाणे कोणाकडूनही दुरुस्त करून घेण्याचा व इतर वाचनालयांना देण्याचा हक्क वाचनालयास असावा. सर्व नोंदी युनिकोडमध्ये असाव्यात व त्या कोणत्याही वेळी, कोणाच्याही परवानगीशिवाय, संपूर्ण काढून घेता याव्यात."

बालाघाट

'कोणाच्याही परवानगीशिवाय' यातला शब्दही हलवू नका.

छापखाना

बॅकअपचं एक वाक्य घाला. कुणी घ्यायचा, कधी घ्यायचा, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवायची.

दाखल_नोंद

घातलं. दर शनिवारी, ग्रंथपालांनी. दुसरी प्रत शाळेच्या कपाटात.

रविवारी सकाळी अकराला बैठक. वायंडिंगचा आणि बियाण्याचा दाखला पाठ केलाय.

दाखल_नोंद

ठराव एकमतानं झाला. अध्यक्षांची स्वतःची सात एकर सोयाबीन आहे. गोणपाटाची गोष्ट अर्ध्यावर आली तेव्हाच म्हणाले, "कळलं, पुढं वाचा." मग त्यांनीच 'मोफत' हा शब्द जुन्या मसुद्यातून पेननं खोडला.

गोदाकाठ

अभिनंदन! स्क्रिप्ट तयार आहे, पहिल्या शंभर नोंदींवर चालवून बघितली. पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघतो, शनिवारी दिवसभर बसून कोहा चढवू. बारकोड वाचायचं यंत्र आहे का तुमच्याकडं? नसेल तर येताना आणतो.

दाखल_नोंद

नाही. आणा, पैसे वाचनालय देईल, पावती घ्या. आणि मुक्काम आमच्या घरी. मॅडम विचारतात, धपाटे चालतात का?